राखेनंतरचे ओढे

वणवा विझला की अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत धास्ती असते ती पहिल्या जोरदार पावसाची. जळालेल्या जमिनीत पाणी सहजी मुरत नाही. कुठे कुठे तर मातीत पाणी झिडकारणारा मेणचट थर धरतो. मग राख, गाळ, दगडगोटे सगळेच ओढ्यात येते, ओढा तळ खरवडत खोल जातो आणि काठचे भूजलही खाली उतरते. हे ओढे पुन्हा जिते कसे करावेत, या अभ्यासाकडे वळणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत. सुरुवात मात्र बीव्हरपासून करा, असा माझा आग्रह आहे.

वीसेक किलो वजनाचा हा कुरतडणारा प्राणी विलोच्या फांद्या दातांनी तोडतो, प्रवाहात आडव्या रचतो आणि फटींत चिखल लिंपतो. तरीही बांध पाझरतोच, आणि ते बरेच असते. पाणी थबकते, बाजूला पसरते, काठात जिरते. गाळ तळ्यात बसतो. शिवाय झाडांपर्यंत पोहत जाता यावे म्हणून बीव्हर चर खणतो, त्यांतून ओल आणखी दूर पोचते.

एमिली फेअरफॅक्स आणि अँड्र्यू व्हिटल यांनी २०२० साली पाच मोठ्या वणव्यांचा उपग्रहचित्रांवरून अभ्यास प्रसिद्ध केला. बीव्हरचे बांध असलेल्या काठांच्या तुलनेत बीव्हर नसलेल्या काठांवर हिरवाईची घट सरासरी तिप्पट आढळली. म्हणजे बीव्हर असले, तर आगीनंतर सावरायला मुळाशी काहीतरी जिवंत उरते.

आज जो अरुंद, सरळ ओढा आपण नैसर्गिक समजतो, तो बहुतेकदा बीव्हर गमावलेला ओढा असतो. युरोपातील फेल्टच्या टोप्यांसाठी त्यांची बेसुमार शिकार झाली. १८२०च्या दशकात हडसन्स बे या फर-व्यापारी कंपनीने स्नेक नदीचा प्रदेश जाणूनबुजून बीव्हरविहीन करण्याचे धोरण राबवले. ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल, तर पुनरुज्जीवनाचे मोजमापच चुकते.

काठची झाडे पुरती जळाली असतील, तर तिथे लगेच बीव्हर सोडणे क्रूरपणाचे ठरेल. त्याला ना खाणे मिळेल, ना आसरा. तिथे आधी माणसांनी हात लावायचा: पात्रात खुंट ठोकून त्यांत विलोच्या फांद्या विणायच्या. आपल्या वनराई बंधाऱ्याइतकेच हे साधे काम. ओरेगनमधील ब्रिज क्रीकवर २००९पासून असे बांध घातले गेले. पुढे बीव्हरांचे बांधही वाढले आणि स्टीलहेड माशांची संख्याही.

क्षेत्रकार्याला निघणाऱ्यांसाठी एक सूचना. तळे गाळाने भरले की तिथे हळूहळू ओले कुरण तयार होते. नोंदवहीत त्याला ‘बांध निकामी’ असे लिहू नका. गाळाची जाडी मोजा, भूजलाची पातळी टिपा आणि पुढल्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजा.