रेव्हरंड ना. वा. टिळक : भाषेचे शिक्षक, मंडळीचे पाळक

खांदा कॉलनीत सिडकोच्या एकाच इमारतीत मराठी, कोंकणी, मल्याळम आणि तमिळ अशा निरनिराळ्या भाषांतून संध्याकाळची रोझरी चालू असते. मुले मात्र बहुधा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. ती मराठी बोलतात, पण मराठी गीताचे पुस्तक हाती दिले की अडखळतात. मुलांना नीट वाचता येत नसेल तर मराठीतून प्रार्थना करण्याचा आग्रह कशासाठी, असे येथील पालक आम्हांला विचारतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रश्नाची दुसरी बाजू एका मराठी शिक्षकापुढे उभी राहिली होती. त्या शिक्षकाचा, म्हणजेच पुढे पाळक झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा परिचय येथे करून देत आहोत.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. टिळक कॅथलिक नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीचे होते, आणि त्यांना मिळालेली पाळकपदाची दीक्षा म्हणजे आपल्याकडील याजकपद नव्हे. तरीही मराठीतून प्रभू येशू ख्रिस्ताची स्तुती करणाऱ्या प्रत्येकावर, तो कोणत्याही मंडळीचा असो, त्यांचे ऋण आहे असे आम्ही मानतो.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. आई लहानपणीच निवर्तली, वडिलांचा स्वभाव कडक. पोरवयातच घर सोडून ते नाशिकला गेले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेत त्यांना सुमारे दोनच वर्षे काढता आली. पुढे पोटासाठी त्यांनी शिक्षकी पत्करली. १८८० साली नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून महाराष्ट्राला परिचित झाली.

टिळक एका गावी, एका नोकरीत फार काळ टिकत नसत. शाळेत शिकवणे, कीर्तन-पुराण सांगणे, छापखान्यात खिळे जुळवणे अशी अनेक कामे त्यांनी केली. स्वभाव तापट, हात सढळ आणि घरातील जिनसांची पर्वा नाही, असा हा संसार लक्ष्मीबाईंनी कसा ओढला, हे त्यांच्याच शब्दांत वाचण्यासारखे आहे. नागपूरला आप्पासाहेब बुटी या धनिकांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम मिळाले, तेव्हा कोठे त्यांच्या विद्वत्तेला साजेसे स्थान लाभले.

सन १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी आगगाडीने निघाले होते. डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी काव्याविषयी आणि मग धर्माविषयी बोलणे झाले. त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत घराने मोजली. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू माहेरच्या माणसांत राहिले. धर्मांतर केलेल्या पतीशी संबंध ठेवणे त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीस अशक्यप्राय होते. सुमारे पाच वर्षांनंतर लक्ष्मीबाईंनीही स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा स्वीकारला. जातिभेद मनातून कसा गळाला, याची त्यांनी सांगितलेली हकीकत कोणत्याही धर्मप्रवचनापेक्षा प्रामाणिक आहे.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आले. तेथील मिशनच्या ईश्वरविद्यालयात ते शिकवू लागले आणि १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. शिक्षकाचा पाळक झाला खरा, पण आमच्या मते त्यांनी शिक्षकी कधीच सोडली नाही. फक्त वर्ग मोठा झाला. त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेत पुष्कळशी गीते इंग्रजीवरून भाषांतरित केलेली असत. शब्द मराठी, पण वृत्त, चाल आणि वळण परके. खेड्यातील भाविकाला ते गाताना जीभ वळवावी लागे. टिळकांना हे खटकले. ज्या माणसाच्या कानात लहानपणापासून ओवी, अभंग आणि आरती आहे, त्याने देवाशी बोलताना परका सूर का लावावा? त्यांनी अभंग, पदे आणि भजने रचली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि टाळ-मृदंग उपासनेत आणला. तुकाराम महाराजांच्या वाणीवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मोकळेपणाने सांगत. हे सर्वांनाच रुचले असे नाही. एतद्देशीय परंपरेतून इतके उघडपणे घ्यावे काय, ही शंका तेव्हाही होती आणि आजही कानी येते.

आपल्या कॅथलिक परंपरेत याच्या कितीतरी आधी फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६१६ साली मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण सिद्ध केले होते. स्टीफन्स आधी संन्यासी झाले आणि मग परक्या देशाची भाषा शिकले. टिळक आधी भाषेचे पंडित होते आणि मग प्रभूचे सेवक झाले. मिस्सा मात्र पुढेही लॅटिनमध्येच होत राहिली. ४ डिसेंबर १९६३ रोजी द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वेदीवर स्थान मिळाले. टिळक त्यापूर्वी ४४ वर्षे आधीच निवर्तले होते.

टिळकांचे विद्यार्थी केवळ ईश्वरविद्यालयात नव्हते. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाने कविता म्हटली. तोच बालकवी. टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेले, जवळ ठेवून लिहिते केले. हिंदू मुलगा पाळकाच्या घरी वाढला आणि धर्मांतराचा प्रश्न त्या प्रेमाच्या आड आला नाही. स्वतः टिळकांना मराठी वाचक फुलामुलांचे कवी म्हणतात. त्यांची ‘वनवासी फूल’ आणि ‘केवढे हे क्रौर्य’ ही काव्ये पाठ असलेली पिढी आपल्या घरांत अजून आहे.

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. हे पत्र १८४२ पासूनचे, म्हणजे टिळकांहूनही वयाने मोठे. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, साताऱ्यास वास्तव्य केले आणि ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. ही कल्पना धर्मशास्त्राच्या कसोटीवर किती उतरते याविषयी आपल्या धर्मगुरूंचे मत वेगळे असू शकेल. परंतु संन्यासी वृत्तीने, पगाराविना प्रभूची सेवा करणारा मराठी माणूस लोकांना दिसावा, ही त्यामागील तळमळ खरी होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले. १९०९ साली आरंभ करूनही त्यांच्या हातून सुमारे ११ अध्याय झाले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर ज्यांना टिळकांनी अक्षरओळख करून दिली, शाळेची पायरी ज्या कधी चढल्या नव्हत्या, त्यांनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. १९३४ पासून त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र भागशः प्रसिद्ध होऊ लागले. टिळकांची संस्कृतप्रचुर कविता आज जड वाटते हे मान्य केले पाहिजे, पण लक्ष्मीबाईंची घरगुती, हसरी मराठी कालपरवा लिहिल्यासारखी वाटते. भाषेच्या या शिक्षकाची सर्वांत गुणी विद्यार्थिनी त्याच्या घरातच होती, असे आम्हांला वाटते.

खांदा कॉलनीतील ज्या मुलांना ‘स्मृतिचित्रे’ मराठीत वाचणे कठीण जाते, त्यांच्यासाठी शांता गोखले यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २०१७ साली प्रसिद्ध झाले आहे. मूळ मराठी पुस्तक घरी असेल तर आजीने त्यातील एखादे प्रकरण रोझरीनंतर मोठ्याने वाचून दाखवावे; टिळकांच्या विक्षिप्तपणाचे प्रसंग आले की मुले आपोआप जवळ सरकतात, असा आमचा अनुभव आहे.