संधिज्वर, पेनिसिलिन आणि सेवाक्रमांकाचा शेवटचा अंक

घसा दुखतो, चार दिवसांत बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप चढतो, गुडघे आणि घोटे सुजतात. ती सूज मागमूस न ठेवता ओसरते. पण त्याच दाहाने हृदयाच्या झडपा जाड होतात, एकमेकींना चिकटतात. हा संधिज्वर, डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हुमॅटिक फीवर. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध उभी राहिलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच हृदयावर उलटते.

मग घाव कोठे घालायचा, दाहावर की जंतूवर?

१९३९ मध्ये न्यूयॉर्क आणि बाल्टिमोर येथील डॉक्टरांनी दाखवले की, एकदा संधिज्वर होऊन गेलेल्यांना रोज सल्फा औषध दिल्यास तो सहसा उलटत नाही. परंतु दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने हेच औषध सरसकट वाटले आणि त्याला न जुमानणारे जंतू फैलावले. शिवाय घसा एकदा धरल्यावर सल्फाचा उपयोग नव्हता. पहिला झटका टाळायचा कसा, हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचे उत्तर वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर मिळाले. बराकींत दाटीने राहणाऱ्या नव्या सैनिकांत घशाची साथ कायमची. चार्ल्स रॅमेलकॅम्प यांच्या चमूने १९४९ पासून घसा धरलेल्यांचे दोन गट पाडले. कोणाला पेनिसिलिन मिळणार हे सेवाक्रमांकाच्या शेवटच्या अंकावर ठरे. पेनिसिलिन घेतलेल्या ७९८ जणांपैकी दोघांना संधिज्वर झाला. न घेतलेल्या ८०४ पैकी १७ जणांना. हे आकडे १९५० मध्ये प्रसिद्ध झाले.

दाहाशी थेट लढण्याचा मार्ग मात्र फळला नाही. ब्रिटन-अमेरिकेच्या संयुक्त चाचणीत ४९७ मुलांवर कॉर्टिझोन, एसीटीएच आणि ॲस्पिरिन यांची तुलना झाली. हृदय वाचवण्यात कोणतेही औषध सरस ठरले नाही, असा निष्कर्ष १९५५ मध्ये आला. तोवर दीर्घकाळ टिकणाऱ्या बेन्झाथीन पेनिसिलिनचे महिन्याचे इंजेक्शन रूढ होऊ लागले होते. भारतातले रुग्ण आजही तेच घेतात, बहुधा दर तीन आठवड्यांनी.

वॉरनच्या प्रयोगशाळेला १९५४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. पहिल्या चाचणीच्या वेळी उत्तर खरोखरच ठाऊक नव्हते, हे तिच्या बाजूने म्हणता येईल. पुढच्या सर्वच प्रयोगांना ही सबब लागू पडत नाही. हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९६६ मध्ये अनैतिक वैद्यकीय प्रयोगांची २२ उदाहरणे, कोणाचेही नाव न घेता, छापली. पहिलेच उदाहरण सैनिकांचे होते: पेनिसिलिनने संधिज्वर टळतो हे ठाऊक असूनही १०९ जणांना ते न देता केवळ दिखाऊ औषध दिले गेले. त्यांतल्या दोघांना संधिज्वर झाला, एकाला मूत्रपिंडाचा दाह.