लिस्बन : गोमंतकीयांचे दुसरे घर

गोव्यातील पोर्तुगीज राजवट १९६१ मध्ये संपली. लिस्बनशी असलेले नाते मात्र संपले नाही. शिक्षणासाठी गोमंतकीय तेथे पूर्वीपासून जात असत. पण तेथील वस्ती वाढली ती १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर. त्या वसाहतीत स्थिरावलेली गोमंतकीय कुटुंबे आणि दीवकडील गुजराती व्यापारी यांनी तेव्हा लिस्बन गाठले. म्हणजे यातील अनेक जण गोव्यातून थेट नव्हे, तर आफ्रिकेमार्गे आलेले! 'काझा द गोवा' ही त्यांची संस्था आजही तेथे आहे. २०१५ ते २०२४ या काळात पंतप्रधान असलेले आंतोनियो कोश्ता यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोश्ता, यांचे बालपण मडगावात गेले.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण वा दीव येथे जन्मलेल्यांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. त्यासाठी जुना जन्मदाखला लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात नोंदवावा लागतो. ब्रेक्झिटपूर्वी अनेकांनी हा पासपोर्ट घेऊन लिस्बनऐवजी ब्रिटनची वाट धरली, ही गोष्ट वेगळी.

खरी अडचण इकडे आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या कायद्यानुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. 'ओसीआय' कार्डामुळे आजन्म व्हिसा मिळतो. मतदानाचा अधिकार आणि शेतजमीन खरेदीची मुभा मिळत नाही. वडिलोपार्जित भाट-शेत असलेल्या कुटुंबाने पासपोर्ट हाती घेण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.