संत गोन्सालो गार्सिया आणि वर्णाभिमान

महोत्सवाच्या निमित्तानें धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या उघडल्या, म्हणजे बाप्तिस्म्यांचीं, विवाहांचीं व मृत्यूंचीं नांवें वाचतांना मन भरून येतें. ज्यांनीं ख्रिस्तमंदिर उभारिलें, ज्यांनीं दुष्काळांत व सांथींत श्रद्धा टिकविली, त्यांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्यच आहे. परंतु इतिहास हा केवळ स्तुतिपाठ नव्हे. पाप कबूल केल्यावांचून क्षमा नाहीं, हें आपण लहानपणापासून शिकलों आहोंत. मग समाजानेंही आपल्या गतकाळाकडे पाहतांना हाच नियम पाळावा, हें योग्य नव्हे काय? म्हणून या मंगल प्रसंगीं वाचकांपुढें एक कथा मांडण्याचें योजिलें आहे. ती वसईच्या एका सुपुत्राची आहे. आणि माणसाची योग्यता त्याच्या कातडीवरून व कुळावरून ठरविण्याचा जो जुना रोग, त्याचीही आहे.

इ. स. १५३४ मध्यें गुजरातचा सुलतान बहादूरशहा याजकडून वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनीं तेथें गोन्सालो गार्सिया यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता या भूमीची कन्या, असें त्यांचें कूळ सांगितलें जातें. येशूसंघाच्या पाद्र्यांजवळ त्यांचें शिक्षण झालें व किशोरवयांतच ते त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनीं अशी आत्मसात केली कीं, धर्मशिक्षणाच्या कामीं त्यांचा मोठा उपयोग होऊं लागला. त्या संघांत आपला प्रवेश व्हावा अशी त्यांची उत्कट इच्छा होती; ती सफल झाली नाहीं. मग कांहीं काळ त्यांनीं व्यापार केला, आणि शेवटीं मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस साधे बंधु म्हणून पत्करिलें. १५९३ मध्यें फादर पेद्रो बाप्तिस्ता हे मनिलाहून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याजकडे वकील म्हणून निघाले, तेव्हां दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो त्यांच्याबरोबर गेले. पुढें हिदेयोशीची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांस क्रुसावर चढविण्यांत आलें. त्यांत २० जपानी होते, स्पेनचे होते, मेक्सिकोंत जन्मलेला एक होता, आणि वसईचा एक होता. क्रुसावर चढवितांना कोणाचा वर्ण कोणीं विचारला नाहीं; भाल्यानें सर्वांचें रक्त एकाच रंगाचें काढलें.

ज्या संघासाठीं या मुलानें घरदार सोडिलें, त्या संघाचें दार त्यास कां उघडलें नाहीं? उत्तर शोधावयाचें तर त्या काळची हवा ध्यानांत घ्यावी लागते. सोळाव्या शतकांत येशूसंघानें ज्यास पाद्री केलें असा भारतीय एकच होता. तो पेरो लुईस नांवाचा मलबारकडील ब्राह्मण. मिश्र रक्ताच्या तरुणांसंबंधींही वरिष्ठांचें मत दिवसेंदिवस कठोर होत गेलें. पोर्तुगीज समाजांत माणसांची एक उतरंडच रचलेली होती. पोर्तुगालांत जन्मलेला तो ‘रेनोल’, सर्वांच्या वर. पोर्तुगीज आईबापांच्या पोटीं हिंदुस्थानांत जन्मलेला ‘कास्तीस’, त्याच्या खालीं. मिश्र रक्ताचा ‘मेस्तीस’, त्याच्याही खालीं. आणि सर्वांच्या तळाशीं देशी ख्रिस्ती, ज्यास तुच्छतेनें ‘कानारीं’ म्हणत. बाप्तिस्म्याचें पाणी सर्वांच्या मस्तकावर सारखेंच पडे. परंतु मस्तक पुसून झालें कीं उतरंड जशीच्या तशी उभी राही.

प्रारंभ मात्र असा नव्हता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. १५४१ मध्यें गोव्यांत जी संस्था निघाली व पुढें सेंट पॉल कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली, तिचा मूळ हेतु निरनिराळ्या देशी जातींच्या मुलांस शिकवून त्यांतून धर्मगुरु निर्माण करणें हाच होता. परंतु सत्ता स्थिरावली, आणि हेतु मागें पडला. देशी धर्मगुरु दीक्षित झाले, पण त्यांस बहुधा दुय्यम जागा मिळत. मठांचीं दारें त्यांस बंद होतीं, आणि मोठीं पदें तर स्वप्नांतही येऊं नयेत अशी व्यवस्था होती.

ही व्यवस्था न जुमानणारा एक पुरुष दिवाडी बेटावर जन्मास आला. त्याचें नांव माटेउस दि कास्त्रो. गोव्याच्या आर्चबिशपनीं त्यास दीक्षा देण्याचें नाकारिलें. दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हा तरुण थेट रोमला गेला. तेथें १६२२ मध्यें धर्मप्रसाराचें पवित्र मंडळ स्थापन झालें होतें, आणि त्याचे सेक्रेटरी इंगोली हे देशी धर्मगुरूंचे कळकळीचे कैवारी होते. कास्त्रो रोमला शिकले, धर्मगुरु झाले, आणि १६३७ मध्यें बिशप होऊन परतले. आदिलशाही मुलखाचें धर्मकार्य त्यांजकडे सोंपविलें होतें. परंतु गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यांस कधीं मनापासून मानिलें नाहीं. भांडणें झालीं, आरोप झाले, आणि अखेर या मानी पुरुषानें रोममध्येंच देह ठेविला.

पुढें कायद्यानें हा भेद मिटविण्याचा यत्न झाला. पोर्तुगालचा प्रधान पोंबाल याच्या कारकीर्दींत २ एप्रिल १७६१ रोजीं राजाज्ञा निघाली कीं, आशियांतील ख्रिस्ती प्रजेस पोर्तुगालांत जन्मलेल्यांच्या बरोबरीचा मान व अधिकार मिळावा, व त्यांस हिणवणारीं नांवें उच्चारणें हा गुन्हा समजावा. आज्ञा निघाली, पण गोव्यांत ती कागदावरच राहिली. १७७४ मध्यें तिचा पुनरुच्चार करावा लागला. १७८७ मध्यें गोव्यांत जो कट उघडकीस आला व पिंटोंचें बंड म्हणून ज्याची प्रसिद्धि आहे, त्याचे पुढारी फादर कायतान फ्रान्सिस्क कोउतो व फादर जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे होते. ते लिस्बनपर्यंत गेले होते, आणि उच्च पदांविषयीं त्यांची निराशा झाली होती. या प्रकरणीं १५ जणांस देहदंड झाला. जो समाज सभ्य मार्गानें न्याय मागणाऱ्यांस दार दाखवितो, तो त्यांस कोणत्या मार्गावर ढकलीत असतो, याचा हा धडा आहे.

आतां ज्यांस अपात्र ठरविलें त्यांनीं काय केलें तें पाहूं. लंकेंत डच लोकांनीं कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती व तेथील श्रद्धावंत पाद्र्यावांचून पोरके झाले होते. गोऱ्या पाद्र्यास तेथें पाऊल ठेवितांच धरलें असतें. बाणावलीस १६५१ मध्यें जन्मलेले फादर जुझे वाझ हे १६८७ मध्यें गरीब मजुराच्या वेषांत तेथें उतरले. त्यांचा जो सांवळा वर्ण गोव्यांत कमीपणाचा मानला जाई, तोच तेथें त्यांचें चिलखत झाला. १७११ मध्यें कँडी येथें देह ठेवीपर्यंत त्यांनीं त्या बेटावर ख्रिस्तसभा पुन्हा उभी केली. आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं परमपूज्य पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संत म्हणून घोषित केलें. आमच्या वसईचीही हीच कथा. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई सर केली, तेव्हां पोर्तुगीज गेले व त्यांचे मठवासीही गेले. येथील ख्रिस्ती कुटुंबांजवळ राहिले ते देशी धर्मगुरु. आपल्या नोंदवह्या आज भरलेल्या आहेत, याचें श्रेय त्या ‘अपात्र’ माणसांस मोठ्या प्रमाणांत आहे.

येथेंच लेख संपविला असता तर वाचकांस बरें वाटलें असतें. गोऱ्यांनीं अन्याय केला, आपण तो सोसला, आणि देवानें आपली बाजू राखली. परंतु सत्याचा दुसरा अर्धा भाग सांगितल्यावांचून लेखणी खालीं ठेवणें हा अप्रामाणिकपणा होईल. १६०६ मध्यें गोव्यांत भरलेल्या पांचव्या प्रांतिक परिषदेनें देशी लोकांपैकीं उच्च मानलेल्या जातींच्याच मुलांस दीक्षा द्यावी असें ठरविलें. आणि त्या जातींनीं या नियमाविरुद्ध हूं कीं चूं केलें नाहीं. गोऱ्यांच्या मठांनीं नाकारलेल्या धर्मगुरूंनीं गोव्यांत स्वतःचा ओरेटरी संघ काढिला, ज्यांत संत जुझे वाझ होते. परंतु तो संघही ब्राह्मण कुळांतील मंडळींचाच राहिला. गोव्यांतील चर्चांच्या कोंफ्रारी कित्येक गांवीं जातवार वांटलेल्या होत्या. वेदीजवळ कोणीं उभें राहावें, मिरवणुकींत कोणता झगा कोणीं घालावा, यावरून पिढ्यान् पिढ्या तंटे चालले. ज्या हातांनीं वरच्याची लाथ चुकविली, तेच हात खालच्यास ढकलीत होते. वर्णाभिमान ही केवळ गोऱ्यांची मिरास नव्हे. तो परदेशाहून आला तेव्हां त्याचें स्वागत करावयास जात्यभिमान आमच्या घरीं आधींच बसलेला होता.

आपल्या वसईच्या संताची कथाही नागासाकीस संपत नाहीं. १६२७ मध्यें परमपूज्य पोप आठवे अर्बन यांनीं त्यांस धन्यवादित म्हणून गौरविलें. त्यानंतर सव्वाशें वर्षांच्या आंत, महासागरापलीकडे ब्राझील देशीं रेसिफे शहरांत, एक अद्भुत प्रसंग घडला. तेथें गोरे, मिश्र रक्ताचे ‘पार्दु’ व काळे अशा तिघांचे धर्मबंधुसंघ निरनिराळे होते. १७४५ मध्यें पार्दु लोकांनीं गोन्सालो गार्सिया यांस आपले आश्रयदाते मानून मोठा उत्सव केला. त्यावर कित्येकांनीं नाकें मुरडलीं: पार्दु मनुष्य संत कसा होईल, आणि हा संत पार्दु कशावरून? तेव्हां फ्रान्सिस्कन पाद्री जाबोआतांव यांनीं प्रवचनपीठावरून सविस्तर उत्तर दिलें कीं, पिता गोरा व माता सांवळी, म्हणून हा संत निःसंशय पार्दु आहे, आणि हा वर्ण लाजेचा नसून गौरवाचा आहे. हें प्रवचन १७५१ मध्यें लिस्बन येथें छापून प्रसिद्ध झालें. विचार करा! जी माता वसईच्या कोणा वाडींत वाढली, तिच्या सांवळ्या रंगावर, हजारों कोस दूर, गुलामांच्या वंशजांनीं आपल्या स्वाभिमानाचा दिवा लावला. १८६२ मध्यें परमपूज्य पोप नववे पायस यांनीं नागासाकीच्या सर्व हुतात्म्यांस संतपद दिलें, आणि आज आपण अभिमानानें म्हणतों, “तो आमचा.” पण ‘आमचा’ या शब्दाची मर्यादा कोठवर, हें त्या रेसिफेच्या लोकांनीं आपल्यापेक्षां अधिक ओळखलें होतें.

काळ पालटला, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. १९२३ मध्यें तुतिकोरिन धर्मप्रांतास बिशप रोश यांच्या रूपानें भारतीय बिशप मिळाले. १९५३ मध्यें मुंबईचे आर्चबिशप वॅलेरियन ग्रेशियस हे पहिले भारतीय कार्डिनल झाले. १५३४ पासून बिशपचें पीठ असलेल्या गोव्यास गोमंतकीय आर्चबिशप लाभण्यास मात्र १९७८ साल उजाडावें लागलें. आणि डिसेंबर २०१६ मध्यें भारतांतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनें, आपल्या ख्रिस्तसभेंतही दलित बांधवांच्या वाट्यास भेदभाव येतो, हें दलितांविषयींच्या आपल्या धोरणांत उघडपणें कबूल केलें. ही कबुली लाजेची नसून धैर्याची आहे. त्यानंतर २०२२ मध्यें हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. माटेउस दि कास्त्रो यांनीं ठोठावलेलें दार इतक्या उशिरां, पण खरोखर, उघडलें.

परंतु दार रोममध्यें उघडून भागत नाहीं. तें आपल्या गांवांतही उघडावें लागतें. सोयरीक जुळवितांना आपण प्रथम काय विचारतों? झारखंडाहून आलेली जी आदिवासी मुलगी आपल्या शहरांत परक्यांच्या घरीं भांडीं घासून रविवारीं मिस्सेस येते, ती मंदिराच्या कोणत्या बांकावर बसते, व मिस्सा संपल्यावर तिच्याशीं कोण बोलतें? जेवणाच्या पंगतींत, मंडळांच्या निवडणुकींत, सणाच्या मिरवणुकींत, कोणाचें नांव कधींच येत नाहीं? या प्रश्नांचीं उत्तरें नोंदवहींत लिहिलेलीं नसतात. तीं आपल्या अंतःकरणांत असतात, आणि तेथें तीं देव वाचतो.

संत गोन्सालो यांस ज्या दारावर थांबावें लागलें, तें दार आज कोणापुढें आपण बंद ठेविलें आहे, हें प्रत्येक कुटुंबानें या महोत्सवाच्या वर्षीं एकदां शोधून पाहावें. मंदिरास नवा रंग देणें सोपें आहे. माणसाचा रंग न पाहतां त्यास जवळ घेणें कठीण आहे. तें कठीण काम आपल्या हातून घडलें, तर पुढील पिढी जेव्हां आपलीं नांवें याच नोंदवह्यांत वाचील, तेव्हां तिला मान खालीं घालावी लागणार नाहीं. नागासाकीच्या टेकडीवर सर्व देशांच्या बंधूंसमवेत प्राण अर्पिलेला वसईचा तो सुपुत्र आपणांसाठीं प्रार्थना करो!