राजीखुशीची मजुरी

धाराशिव जिल्ह्यातील लोहारा हा प्रामुख्याने कोरडवाहू शेतीचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे येथील गावांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती बहुधा आधीच खर्चही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजुरी टनावर मिळते. एखादा दिवस काम चुकले तर 'खाडा' लागतो, म्हणजे मजुरी बुडतेच आणि वर दंड बसतो. अंधारात फडात उतरायचे, रात्री-अपरात्री गाडी भरून द्यायची आणि पाचटाच्या कोपीत अंग टाकायचे, असे पाच-सहा महिने चालते. या प्रथेविषयी कोणी हळहळ व्यक्त केली की एक उत्तर ठरलेले असते : "त्यांच्यावर जबरदस्ती कोणी केली? राजीखुशीने उचल घेतात. गावात राहिले तर खातील काय?"

हे उत्तर ऊसतोडीहून जुने आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांविषयी ते असेच दिले जात होते. लोहारा त्या काळी निजामाच्या राज्यात होते आणि मुंबईचा कायदा तेथे लागू नव्हता. तरीही ती हकिगत लोहाऱ्याच्या माणसाने जाणून घ्यावी अशी आहे, कारण या उत्तराची पहिली झडती तेथे घेतली गेली.

कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढील वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांचे धुराडे हीच मुंबईची ओळख झाली. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून पाळीही मोठी. आठवड्याची ठराविक सुटी नव्हती, पगार थकत असे, आणि सात-आठ वर्षांची मुलेही यंत्रांपाशी उभी असत.

या स्थितीविरुद्ध प्रथम मोठा आवाज उठला तो इंग्लंडमध्ये. त्यात लॉर्ड शाफ्ट्सबरींसारखे मुलांच्या श्रमाविरुद्ध आयुष्यभर झगडलेले गृहस्थ होते, आणि मुंबईच्या स्वस्त सुताने धास्तावलेले लँकेशायरचे गिरणीमालकही होते. साहजिकच येथील मालकांनी आणि अनेक देशी वृत्तपत्रांनी कायद्याची मागणी हे परक्यांचे कारस्थान ठरवले. तो संशय निराधार नव्हता, कारण १८८२ साली विलायती कापडावरील आयात जकात उठविण्यात आली, ती लँकेशायरच्याच सोयीसाठी. परंतु या वादात एक साधी गोष्ट झाकली गेली. लँकेशायरचा हेतू अशुद्ध होता म्हणून परळच्या मजुराचा थकवा खोटा ठरत नव्हता.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा या ओढाताणीतून जन्मला, म्हणून तो दुबळा निघाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या वेळेला त्याने हातच लावला नाही. प्रौढ माणूस आपला करार आपण करण्यास स्वतंत्र आहे, ही त्यामागची समजूत.

त्या समजुतीला कामगारांनी स्वतः उत्तर दिले. जोतीराव फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे ठेवला. त्यातील मागण्या आज वाचल्या तर त्यांचा संयम मनाला भिडतो. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. अपघातात जायबंदी झालेल्यास भरपाई मिळावी. गिरणी बंद करा, असे त्यांनी कोठेही म्हटले नाही. त्यांना गिरणी हवी होती, परंतु तीत माणूस म्हणून उभे राहता यावे एवढेच त्यांचे मागणे होते.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ केले, स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा घातली आणि साप्ताहिक सुटीला आधार दिला.

त्याच १८९१ साली, १५ मे रोजी, पोप तेरावे लिओ यांचे 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. राजीखुशीच्या प्रश्नाला त्यात थेट उत्तर आहे. गरजेपोटी किंवा याहून वाईट काही ओढवेल या भीतीपोटी मजुराने कठोर अटी पत्करल्या, तर तो स्वखुशीचा करार होत नाही, त्या मजुरावर बळजबरी व अन्यायच झालेला असतो, असा त्याचा आशय आहे. परळच्या कामगारांनी सहा-सात वर्षांपूर्वी अनुभवाने जे मांडले, तेच रोममधून तत्त्व म्हणून सांगितले गेले.

ते तत्त्व अद्याप जुने झालेले नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बहुतेक पाश्चात्त्य बाजारासाठी कपडे शिवणारे कामगार होते. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते. मजुरी बुडेल या धाकाने माणसे आत गेली. त्यांनाही कोणी हात धरून ओढले नव्हते.

आपल्याकडे १९७६ च्या कायद्याने कर्जापोटीची वेठबिगारी रद्द झाली, तरी उचल चालूच आहे. खाडा पडू नये म्हणून ऊसतोडणी करणाऱ्या अनेक स्त्रियांनी गर्भाशय काढून टाकल्याचे बीड जिल्ह्यातून २०१९ साली उघडकीस आले, तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. त्या शस्त्रक्रियांनाही 'संमती'च होती.

म्हणून विचारायचा प्रश्न 'ते राजी आहेत काय' हा नव्हे. 'नाही' म्हणण्याइतकी भाकर त्यांच्या घरात आहे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे ओझे मुकादमावर तसेच कारखान्यावर आहे, आणि आपल्या चहात साखर घालणाऱ्या आपणावरही आहे. लोखंडे १८९७ साली प्लेगात वारले. त्यांनी मिळवलेला रविवार आज आपण सारे उपभोगतो. लोहाऱ्याहून निघालेल्या कोयत्याला मात्र तो अजून मिळायचा आहे.