थेम्सवरील हिमजत्रा आणि लंडनचा जुना पूल

लंडन शहरातून वाहणारी थेम्स नदी ऐन हिवाळ्यात पाहावयास गेले, म्हणजे करड्या धुक्यात एकापाठोपाठ एक विरत जाणारे पूल आणि त्यांच्या कमानींखालून ओहोटीबरोबर वेगाने समुद्राकडे निघालेले गढूळ पाणी, यांवाचून फारसे काही दृष्टीस पडत नाही. याच पात्रावर एके काळी घोडागाड्या धावत, तंबूंचे रस्ते वसत आणि छापखाने चालत, हे कोणी सांगितल्याखेरीज ध्यानीही यावयाचे नाही. त्या काळी थंडी अधिक कडक होती हे खरेच, आणि सतराव्या शतकाचा उत्तरार्ध तर साऱ्या युरोपला गारठवून गेला; तथापि नदी गोठण्याचे सारे श्रेय थंडीच्या पदरी टाकणे मला न्याय्य वाटत नाही. त्यात मोठा वाटा लंडनच्या जुन्या पुलाचा होता.

पीटर ऑफ कोलचर्च नावाच्या धर्मोपदेशकाने ११७६ मध्ये बांधावयास घेतलेला हा दगडी पूल त्याच्या मृत्यूनंतर, १२०९ मध्ये पुरा झाला. नदीच्या तळात लाकडी मेखा ठोकून व त्यांमधली पोकळी दगडगोट्यांनी भरून त्यावर खांब उभारले होते. प्रवाहाने ते खचू नयेत म्हणून प्रत्येकाभोवती नावेच्या आकाराचा रुंद कट्टा घातला होता, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने हे कट्टे पिढ्यानुपिढ्या वाढतच गेले. पुढे १५८२ पासून काही कमानींत शहराला पाणी चढवून देणारी चक्रे बसली. परिणामी एकोणीस कमानी असूनही पाण्याला वाट उरली ती चिंचोळी. ओहोटीच्या वेळी पुलाखालून पाणी धबधब्यासारखे कोसळे, आणि शहाणे उतारू अलीकडच्या घाटावर उतरून, पायी पूल ओलांडून, पलीकडे पुन्हा नावेत बसत. पुलाच्या वरच्या अंगाला मात्र पाणी संथ, भरतीचा खारा लोंढाही तेथे अडखळतच पोहोचे. वरून वाहत येणारे बर्फाचे तुकडे कमानींच्या तोंडाशी अडकत, एकमेकांना चिकटत, आणि थंडी चार दिवस टिकली की काठापासून काठापर्यंत नदी सांधली जाई.

१६८३-८४ च्या हिवाळ्यात ती सुमारे दोन महिने गोठून राहिली. इकडे छत्रपती संभाजी महाराजांची फौज गोव्याच्या मुलखात शिरली होती, आणि मुंबईत कीग्विन नावाच्या अधिकाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड करून दुसऱ्या चार्ल्स राजाच्या नावाने बेट ताब्यात घेतले होते. तो राजा त्याच सुमारास सहपरिवार बर्फावरच्या छापखान्यात गेला. तेथे हौशी लोकांची नावे सुबक चौकटीत छापून देत. ३१ जानेवारी १६८४ ची राजघराण्याची पत्रिका प्रसिद्ध आहे: तिच्यावर राजा, राणी व आप्तांची नावे छापून शेवटी राजाच्या गर्भवती पुतणीच्या पोटातल्या बाळाचेही विनोदाने एक नाव घातले आहे. दुर्दैवाने ते मूल जिवंत जन्मले नाही.

बर्फावरच्या या जत्रेच्या आनंदाची दुसरी बाजू जॉन एव्हलिनने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली आहे, म्हणून मला त्याच्याविषयी विशेष आदर वाटतो. बर्फावरच्या शर्यतींबरोबरच थंडीने फुटलेली झाडे, मेलेली जनावरे, महागलेले जळण आणि कोळशाच्या धुराने कोंडलेला श्वास, हे सर्व त्याने पाहिले. सर्वांत बिकट अवस्था नावाड्यांची. उतारूंचे दर सरकारने बांधून दिलेले, १५५५ च्या कायद्याने जमातीचा कारभार नियमबद्ध केलेला. परंतु गोठलेल्या पाण्यावर ती सनद काय कामाची? तेव्हा कोणी नावांना चाके लावून त्या बर्फावरून ओढल्या. आणि पुढच्या काळात काठाजवळ फळ्या टाकून, बर्फावर उतरणाऱ्या प्रत्येकाकडून दोन-तीन पेन्स पट्टी घेण्याचा रिवाजच पडला. नदीवरचा आपला वहिवाटीचा हक्क त्यांनी असा टिकवला, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

त्यांच्या हक्काला खरा धक्का नव्या पुलांनी दिला. वेस्टमिन्स्टरच्या पुलाला नावाड्यांनी कसून विरोध केला. १७३९-४० च्या हिमाने त्याचे काम काही काळ थोपवलेही. परंतु १७५० मध्ये तो खुला झालाच. इकडे जुन्या पुलाखालची पाण्याची वाटही रुंदावू लागली: १७५९ मध्ये त्याच्या मधल्या दोन कमानी काढून एक मोठी कमान घातली गेली. फेब्रुवारी १८१४ मध्ये शेवटची जत्रा भरली. ब्लॅकफ्रायर्सजवळ बर्फावरून हत्ती चालवत नेला, आणि थोड्याच दिवसांत बर्फ फुटून काही जीव बुडाले. १८३१ मध्ये रेनी या अभियंत्याच्या आराखड्याचा पाच रुंद कमानींचा नवा पूल उघडला, जुना पाडला गेला, आणि पुढे बॅझलगेट या अभियंत्याने काठाला बांधलेल्या तटबंद्यांनी पात्र आणखी अरुंद व वेगवान केले. त्यानंतर १८९५ च्या फेब्रुवारीत बर्फाचे मोठमोठे तुकडे शहरातून वाहत गेले खरे. पण त्यांना अडवून धरणारे कट्टे आता पात्रात राहिले नव्हते.