रेकॉर्डवर न आलेली रेकॉर्ड

बँकेत ‘रेकॉर्ड’ हा शब्द फार जपून वापरतात. एखादा कागद रेकॉर्डवर आहे असं साहेब म्हणाले, की तो आता कुणाच्या बापाला सापडायचा नाही, असं आम्ही कारकून मंडळी समजून चालतो. आणि वरच्या ऑफिसातून तातडीची विचारणा आली, की योग्य कागद कोणता याचा खल करायला वेळ कुणाला असतो? जो हाताशी असेल तो टाचणी लावून वर जातो. वर गेलेला कागद खाली येत नाही. त्याच्यावर पुढचे कागद चढतात आणि काही वर्षांनी तोच नियम होऊन बसतो.

ही पद्धत काही आमच्या बँकेनं शोधून काढलेली नाही. देशाच्या राष्ट्रगीताचं प्रकरणही थोडंफार असंच पुढं सरकलं.

१९४७ साली न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी आपल्या शिष्टमंडळाकडे वाद्यवृंदासाठी राष्ट्रगीत मागितलं गेलं. देश नुकता स्वतंत्र झालेला, राष्ट्रगीत अजून ठरायचं होतं. मंडळींजवळ ‘जन गण मन’ची एक रेकॉर्ड होती, ती त्यांनी देऊन टाकली. वादकांनी तालीम केली, वाजवली, आणि देशोदेशींच्या पाहुण्यांना ती आवडली. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी ही हकिकत घटना समितीत सांगितली. ‘वंदे मातरम्’ची परंपरा थोर, पण परदेशी वाद्यवृंदांना ते वाजवायला सोपं नाही आणि त्यात पुरेशी गती नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

आता खरं सांगायचं, तर आक्षेप अगदीच निराधार नव्हता. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी ‘वंदे मातरम्’ गायलं. १९२३ साली काकीनाड्याला विष्णु दिगंबर पलुसकरांनी विरोधाला न जुमानता गायलं. विष्णुपंत पागनिसांनी ते सारंगात बांधून त्याची रेकॉर्ड दिली. म्हणजे गीत एक आणि चाली गवयागणिक वेगळ्या! शिवाय आपल्या गवयाला देशभक्ती आणि आलाप एकाच वेळी सुचतात. बँडवाल्याला मात्र पाऊल उचलायचं असतं. परदेशचा राजदूत सलामी घेत ताटकळत उभा आहे आणि आपण अजून समेवर यायचे आहोत, हे काही बरं दिसलं नसतं.

शब्दांवरचा वाद निराळा होता. त्यातल्या देवीच्या उल्लेखांना मुस्लिमांचा आक्षेप होता, आणि १९३७ मध्ये काँग्रेसनं पहिली दोनच कडवी म्हणायचं ठरवलं होतं. त्या वादाला चाल लावणं कुणालाच शक्य नव्हतं. पण बँडच्या आक्षेपाला उत्तर देता येत होतं, आणि ते द्यायला पुण्याचा एक गवई उठला. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर.

मास्तरांचा जन्म १८९८ सालचा, आळंदीचा. भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतले गायक नट, ‘प्रभात’च्या ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ या चित्रपटांचे संगीतकार. ‘वंदे मातरम्’ हा त्यांचा ध्यास. इंग्रजी अमलात मुंबई रेडिओवर त्यांनी ते सुरू करताच प्रक्षेपण तोडण्यात आलं, तेव्हा त्यांनी रेडिओवरच बहिष्कार टाकला. गवयानं रेडिओवर बहिष्कार टाकायचा म्हणजे आम्ही पगारावर बहिष्कार टाकण्यासारखं आहे. आमच्या युनियनलाही हा मार्ग आजवर सुचलेला नाही.

तर मास्तरांनी झिंझोटी धरला. गळा नसलेल्या माणसालाही दहा जणांत मिसळून म्हणता येईल आणि पाऊल टाकता येईल, अशी सुटसुटीत चाल बांधली. मुंबईतल्या इंग्रज बँडमास्तरांची मदत घेऊन ती पाश्चात्त्य पद्धतीनं लिहून घेतली, बँडवर वाजवून पाहिली आणि दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सभासदांना ऐकवली. रेकॉर्डही झाली.

ती रेकॉर्ड मी ऐकली भंडारदऱ्यात. त्या वेळी माझी बदली त्या बाजूला झाली होती. भंडारदऱ्याला पावसाळ्यात पाणी सोडलं तर दुसरं काही नियमित येत नाही. वीज तर पहिल्या सरीलाच रजेवर जाते. पण शेंडीतल्या एका निवृत्त गुरुजींकडे चावीचा ग्रामोफोन होता, त्याचं विजेवाचून काही अडत नव्हतं. सुई टेकली. पहिली काही क्षणं खरखरच. रेकॉर्डमधला पाऊस कुठला आणि कौलांवरचा कुठला हे उमगेना. मग मास्तरांचा आवाज आला. गुरुजींनी नकळत मांडीवर ठेका धरला, आणि त्यांचा पाच वर्षांचा नातू पडवीत पाय आपटत चालू लागला. डावा-उजवा, डावा-उजवा! गीतात गती आहे की नाही याचा याहून सज्जड पुरावा कोणत्या समितीला हवा होता?

गुरुजी म्हणाले, “साहेब, हे पोर तेव्हा दिल्लीला न्यायला हवं होतं.”

दोन गीतांची अशी जोडी आपल्याकडेच आहे असं नाही. थेट फिनलंडचं उदाहरण घ्या. ज्या १८४८ साली या अकोले तालुक्यातल्या राघोजी भांगऱ्यांना इंग्रजांनी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली, त्याच साली तिकडे त्यांचं आजचं राष्ट्रगीत पहिल्यांदा गायलं गेलं. चाल पाशियस नावाच्या जर्मन गृहस्थांची, आणि तीच चाल शेजारच्या एस्टोनियाचीही! पुढं रशियाचा जाच वाढला तेव्हा १८९९ मध्ये सिबेलियसनं ‘फिनलंडिया’ रचलं. रशियन नोकरशाहीच्या धाकानं ते भलत्याच नावांखाली वाजवावं लागे. १९४१ साली त्यातल्या एका सुरावटीला शब्द मिळाले आणि लोक ते समूहानं गाऊ लागले. तरी राष्ट्रगीत जुनंच राहिलं. फरक इतकाच, की १९३० साली सिबेलियसच्या सिंफनींच्या रेकॉर्ड निघाल्या तेव्हा फिनलंडच्या सरकारनं पदरचे पैसे घातले. मास्तरांच्या पाठीशी असं सरकार नव्हतं.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसादांनी निर्णय जाहीर केला. ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान. आमच्याकडे दोघांना एकाच ग्रेडचं पत्र मिळतं आणि केबिन एकालाच मिळते, त्यातला हा प्रकार. ‘जन गण मन’ला नावं ठेवायचं कारण नाही, ते ऐकताना मीही ताठ उभा राहतो. हळहळ वाटते ती मास्तरांच्या मेहनतीबद्दल. सरकारनं हरकत काढावी, नागरिकानं तिची मुद्देसूद पूर्तता करावी, आणि तरी प्रकरण मंजूर होऊ नये, हे दुःख कर्जाच्या अर्जदारांना समजेल.

मास्तर मात्र रुसून बसले नाहीत. १९५६ साली डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी बुद्धवंदनेला संगीत दिलं. १९७१ मध्ये पद्मभूषण झाले, १९७४ मध्ये गेले.

आज संसदेचं अधिवेशन संपताना ‘वंदे मातरम्’ची धून वाजते. चाल मास्तरांची नसेल, पण वाद्यांना गीत जमत नाही हे म्हणणं रोखीत खोटं ठरतं. फाइलवर शेरा मात्र अजून तोच आहे. आमच्याकडेही शेरे खोडायची पद्धत नाही.